स्नायूंच्या झिजेचा माग काढणारे चुंबक



घराच्या खांबाला वाळवी लागली म्हणजे काय होते, हे आपणां सर्वांना ठाऊक आहे. बाहेरून खांब जसाच्या तसा उभा असतो. रंग शाबूत, आकार शाबूत. मग एखादा जाणता सुतार येतो, बोटाच्या पेराने खांबावर टकटक करतो आणि आवाजावरून सांगतो, "हा आतून गेला, आधी टेकू द्या." माणसाच्या शरीरातही असाच बाहेरून न दिसणारा एक क्षय होतो. तो लहान मुलग्यांच्या स्नायूंना लागतो आणि आत किती पोखरले गेले आहे हे टकटक करून कळत नाही. ते कळण्यासाठी आज डॉक्टर एका मोठ्या चुंबकाची मदत घेतात. त्या चुंबकाविषयी आणि त्याच्याकडून काय अपेक्षा धरावी, काय धरू नये, याविषयी आज लिहीत आहोत.

काही वर्षांपूर्वी आम्ही घरभेटीला गेलो असता एका अंगणात सहा वर्षांचा मुलगा भुईमुगाच्या शेंगा फोडत बसला होता. आजी कौतुकाने म्हणाली, "फादर, पोटऱ्या बघा याच्या! आजोबांसारखा तालमीत जाणार हा." पोटऱ्या खरोखरच भरदार होत्या. आजीने हाक मारली तसा तो उठला. पण उठला कसा? आधी पालथा होऊन ओणवा झाला, दोन्ही हात जमिनीवर टेकले, मग एक हात गुडघ्यावर, दुसरा मांडीवर, आणि स्वतःच्याच पायांची शिडी करून चढावे तसा तो उभा राहिला. आम्ही हसलो, त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि पुढच्या घरी गेलो. रोग आमच्या डोळ्यांसमोर उभा राहिला होता आणि आम्हांला तो दिसला नाही. निदान व्हायला आणखी दीड वर्ष लागले.

पुढे एके दिवशी त्या मुलाचे वडील आमच्याकडे आले. कोणीतरी त्यांना सांगितले होते, की मोठ्या शहरात जाऊन दर सहा महिन्यांनी पायांचा एम.आर.आय. काढला, तर हा रोग थांबतो. "फादर, दहा गुंठे काढावे म्हणतो. पोराचे पाय राहतील ना?" आम्ही डॉक्टर नाही. आम्ही त्यांच्याकडून चार दिवस मागून घेतले, जाणकार डॉक्टरांना विचारले, वाचले. त्यांना जे सांगितले तेच येथे सविस्तर देत आहोत, कारण असा प्रश्न उद्या दुसऱ्या कोणाच्याही दारात उभा राहू शकतो.

हा रोग कोणता?

या रोगाचे नाव ड्यूशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी. स्नायूक्षयाचे अनेक प्रकार आहेत. लहानपणी आढळणाऱ्या प्रकारांत हा सर्वांत अधिक दिसणारा आणि कठोर. साधारण पाच हजार मुलग्यांमागे एकाला तो होतो. फ्रान्समधील डॉक्टर ड्यूशेन यांनी १८६० च्या दशकात त्याचे सविस्तर वर्णन केले. जमिनीवरून उठताना हातांनी स्वतःच्या अंगावर चढण्याची जी खूण आम्ही वर सांगितली, ती लंडनच्या डॉक्टर गॉवर्स यांनी १८७९ साली नोंदवली आणि आजही ती त्यांच्याच नावाने ओळखली जाते.

रोगाचे मूळ मात्र १९८६-८७ साली सापडले. अमेरिकेतील लुई कंकेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यास कारण असलेला जनुक शोधला आणि त्यापासून बनणाऱ्या प्रथिनाला डिस्ट्रॉफिन असे नाव मिळाले. स्नायूचा प्रत्येक तंतू आकुंचन पावतो, सैल होतो. या ओढाताणीत तंतूचे आवरण फाटू नये म्हणून आतला सांगाडा आणि बाहेरचे आवरण यांना डिस्ट्रॉफिन जोडून ठेवते. बांधाला दगडाची पिचिंग असावी तसे ते आहे. पिचिंग नसलेला बांध प्रत्येक पावसात थोडाथोडा खचतो. डिस्ट्रॉफिन नसलेला तंतू चालण्याउठण्याच्या प्रत्येक श्रमात थोडाथोडा फाटतो. शरीर डागडुजी करीत राहते, पण वर्षानुवर्षांनी डागडुजीचे बळ संपते. मेलेल्या तंतूंच्या जागी चरबी आणि चिवट धागे भरतात. पोटरी भरदार दिसते ती यामुळेच. आजीला जो पैलवान दिसला, तो बराचसा चरबीचा होता.

मुले दोन ते पाच वर्षांच्या वयात अडखळू लागतात. औषधोपचार नसला तर बारा वर्षांच्या आसपास चालणे थांबते. पुढे श्वासाचे स्नायू आणि हृदय यांनाही झीज लागते. रोग मुळापासून बरा करणारे औषध अजून नाही. परंतु चांगल्या देखभालीने आज ही मुले पूर्वीपेक्षा पुष्कळ अधिक वर्षे जगतात, शिकतात, तरुण होतात, हेही तितकेच खरे.

चुंबक आत काय पाहते?

ड्यूशेन यांनी स्नायूत काय चालले आहे हे पाहण्यासाठी एक खास सुई बनवून घेतली होती. तिने जिवंत रोग्याच्या स्नायूचा कण काढून ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहत. ही पद्धत पुढे शंभराहून अधिक वर्षे चालली आणि काही वेळा आजही लागते. पण तिच्यात एक उणीव आहे. मातीपरीक्षणासाठी एकाच कोपऱ्यातली मूठभर माती नेली तर साऱ्या शेताचा अंदाज चुकतो, हे आपणांस कृषी सहायकाने सांगितलेलेच असेल. सुईचेही तसेच. शिवाय मुलाला दर वर्षी टोचून मांस काढावे, हे कोणाला सोसवेल?

एम.आर.आय. यंत्र हे काम न टोचता करते. त्याची मूळ कल्पना पॉल लॉटरबर यांनी १९७३ साली मांडली आणि पीटर मॅन्सफिल्ड यांनी ती पुढे नेली. या दोघांना २००३ साली नोबेल पारितोषिक मिळाले. यंत्र म्हणजे एक मोठे नळकांड्यासारखे चुंबक. पृथ्वीच्या चुंबकशक्तीच्या तुलनेत त्याची शक्ती हजारो पटींनी अधिक असते. शरीरातील पाण्यात आणि चरबीत हायड्रोजनचे असंख्य अणू असतात. चुंबकात ते अणुकेंद्र एका दिशेला वळतात. रेडिओच्या लहरींनी त्यांना क्षणभर हलवले, की ते परत जागेवर येताना स्वतः बारीक लहरी सोडतात. त्या लहरी टिपून चित्र तयार होते. यात एक्स-रे नाही, त्यामुळे मुलाला वारंवार तपासले तरी किरणांची बाधा होत नाही.

आता खरी खुबी पुढे आहे. पाण्यातला हायड्रोजन आणि चरबीतला हायड्रोजन यांचा सूर किंचित वेगळा असतो. एकाच ठेक्यावर सुरू झालेले दोन टाळ थोड्या वेळाने मागेपुढे होतात, तसे हे दोन सूर कधी जुळतात, कधी एकमेकांविरुद्ध जातात. डिक्सन नावाच्या शास्त्रज्ञांनी १९८४ साली दाखवले, की योग्य क्षणी दोनदा चित्र टिपले तर बेरीज-वजाबाकी करून पाणी वेगळे आणि चरबी वेगळी काढता येते. मग स्नायूच्या कोणत्याही भागाकडे बोट दाखवून सांगता येते, की येथे शंभरात इतके भाग चरबी आहे. दूध केंद्रावर जसे दुधाचे फॅट मोजून आकडा देतात, तसा हा स्नायूचा फॅट. फरक एवढाच, की दुधात आकडा वाढला तर आपण खूश होतो, येथे आकडा वाढणे म्हणजे स्नायू जाणे.

दुसरे एक मापही घेतात. हलवलेले अणुकेंद्र शांत व्हायला किती वेळ लागतो, यावरून स्नायूत सूज आहे काय, चरबी आहे काय, याचा अंदाज येतो. लहान वयात, चरबी फारशी नसताना, सूजच आधी दिसते.

या चित्रांवरून हेही कळले, की रोग सर्व स्नायूंना सारखा लागत नाही. नितंबाचे आणि मांडीचे मोठे स्नायू आधी जातात. मांडीच्या आतल्या बाजूचा सडपातळ स्नायू आणि मांडीवरून तिरका उतरणारा पट्टीसारखा स्नायू बराच काळ टिकून राहतात. एकाच शेतात एका वाफ्याचे पीक जळावे आणि शेजारचे तग धरून राहावे, तसा हा प्रकार. म्हणूनच एका जागच्या सुईवर विसंबणे बरोबर नाही.

चालणे सुधारते, तरी झीज चालूच

आता या लेखातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट. ड्यूशेनच्या मुलाची प्रगती मोजण्याची जुनी रीत म्हणजे त्याला सहा मिनिटे चालायला लावून अंतर मोजणे, पायऱ्या चढायला लागणारा वेळ मोजणे. रीत चांगली आहे, पण लहान मूल वाढत असते. सहासात वर्षांपर्यंत वाढीचे बळ रोगाच्या झिजेपेक्षा अधिक असते, त्यामुळे मूल गतवर्षीपेक्षा यंदा जास्त चालते. आईबाप म्हणतात, "सुधारतोय." एखादा भोंदू वैद्य त्याच काळात पुड्या देत असेल तर श्रेय तोच घेतो.

अमेरिकेत फ्लोरिडा विद्यापीठ आणि पोर्टलँड व फिलाडेल्फिया येथील रुग्णालये यांनी मिळून २०१० पासून ड्यूशेनच्या मुलांच्या पायांची चित्रे वर्षानुवर्षे घेतली. क्रिस्टा व्हँडनबोर्न या बाईंनी त्या कामाचे नेतृत्व केले. २०१६ साली त्यांनी चालू शकणाऱ्या १०९ मुलांचा वर्षभराचा हिशेब प्रसिद्ध केला. त्यात दिसले, की पाच-सहा वर्षांच्या मुलांतही वर्षभरात स्नायूंची झीज वाढली होती. इतकेच नव्हे, तर ज्यांचे चालणे तेवढेच राहिले किंवा सुधारले होते, त्यांच्या स्नायूंतही ती वाढली होती. म्हणजे पायांनी दिलेली साक्ष एक आणि आतली स्थिती दुसरी. खांब उभा होता, वाळवी आत काम करीत होती.

हॉलंडमधील लायडन येथील डॉक्टरांनी २०२० साली आणखी एक गोष्ट दाखवली. मांडीच्या बाहेरच्या बाजूचा जो मोठा स्नायू आहे, त्यातील चरबीच्या आकड्यावरून मुलाचे चालणे लवकर थांबेल की उशिरा, याचा अंदाज करता येतो. एकाच वयाची दोन मुले सारखीच चालत असली, तरी ज्याच्या मांडीत चरबी अधिक, त्याचे चालणे आधी थांबण्याचा धोका अधिक.

मोजून फायदा काय?

एखादा वाचक विचारील, "बरा करता येत नाही, मग मोजायचे कशाला?" प्रश्न रास्त आहे. उत्तर शेतातच आहे. नवे खत खरोखर चांगले की नाही हे ठरवताना एक वाफा मुरमाड आणि दुसरा काळ्या मातीचा घेतला तर निकाल खोटा निघतो. वाफे सारखे हवेत आणि धान्य डोळ्यांनी अजमावून नव्हे, तराजूत घालून मोजायला हवे. नव्या औषधांचे असेच आहे. हा रोग थोड्या मुलांना होतो, आणि त्यांच्यापाशी वाट पाहायला वर्षे नसतात. औषध लागू पडते की नाही हे थोड्या मुलांत, थोड्या काळात आणि फसगत न होता कळायला हवे. चुंबक हा तो तराजू आहे.

स्टिरॉइड औषधे या रोगात चालण्याची वर्षे वाढवतात, हे आधीच ठाऊक होते. २०१४ साली चित्रांवरून दिसले, की ती घेणाऱ्या लहान मुलांच्या स्नायूंत न घेणाऱ्यांपेक्षा चरबी कमी वाढते. तराजू योग्य वजन दाखवतो याची ती एक खातरी होती. पुढे गिव्हिनोस्टॅट नावाच्या औषधाची चाचणी झाली, तेव्हा मुख्य तुलनेसाठी मांडीच्या त्याच स्नायूत ५ ते ३० टक्के चरबी असलेली मुले निवडली. ज्यांचे फार थोडे गेले आहे त्यांच्यात फरक दिसायला वेळ लागतो, आणि ज्यांचे जवळजवळ सारे गेले आहे त्यांच्यात वाचवायला काही उरत नाही. म्हणून मधली घेतली. दीड वर्षानंतर औषध घेणाऱ्यांची पायऱ्या चढण्याची ताकद कमी वेगाने घटली आणि मांडीतली चरबीही कमी वाढली. मार्च २०२४ मध्ये अमेरिकेच्या औषध खात्याने सहा वर्षांपुढील मुलांसाठी त्यास मान्यता दिली. ते रोग बरा करीत नाही आणि अतिशय महाग आहे. पण थोडीफार झीज रोखली जाते हे आकड्यांनी दाखवता आले.

हृदयाकडे दुर्लक्ष नको

पायांच्या चित्राची गरज मुख्यतः संशोधनात असली, तरी हृदयाच्या चित्राचे तसे नाही. या मुलांचे हृदय पुष्कळ काळ तक्रार न करता झिजते, कारण मूल धावत नाही, म्हणून धाप लागत नाही. शिरेतून औषध देऊन काढलेल्या एम.आर.आय. चित्रात हृदयाच्या भिंतीतील वण सोनोग्राफीत काही दिसण्यापूर्वीच दिसू शकतो. ओहायो येथील डॉक्टरांनी ४२ मुलांवर इप्लेरिनोन या गोळीची वर्षभर चाचणी घेतली आणि २०१५ साली कळवले, की गोळी घेणाऱ्यांच्या हृदयाची आकुंचनशक्ती कमी घटली. हेही चुंबकानेच मोजले होते. म्हणून निदान झाल्यावर हृदयाची तपासणी दर वर्षी करावी, असा तज्ज्ञांचा सल्ला आहे. एम.आर.आय. जवळ नसेल किंवा मूल फार लहान असेल तर सोनोग्राफी करावी, पण तपासणी चुकवू नये. हृदयाचे रक्षण करणारी औषधे बहुधा दहा वर्षांच्या वयापर्यंत, त्रास नसला तरी, सुरू करतात.

मग जमीन विकावी काय?

त्या वडिलांना आम्ही स्पष्ट सांगितले, "नाही." तराजू धान्य पिकवीत नाही. पायांचा एम.आर.आय. दहादा काढला तरी एक तंतूही वाचत नाही. डॉक्टरांनी काही ठराविक कारणाने सांगितला तर काढावा. उदाहरणार्थ, जनुकाच्या तपासणीतून स्नायूक्षयाचा प्रकार नीट उलगडत नसेल तर कोणते स्नायू गेले आणि कोणते राहिले या चित्रावरून वाट सापडते. औषधाच्या चाचणीत मूल घेतले गेले तरीही तो काढतात. तेव्हा चाचणीसाठीच्या तपासण्यांचा खर्च आपल्यावर पडतो काय हे आधी विचारून घ्यावे. एरवी तो पैसा पुढील गोष्टींसाठी राखावा.

१. मूल अठरा महिन्यांनंतरही चालत नसेल, वारंवार पडत असेल, चवड्यांवर किंवा बदकासारखे डुलत चालत असेल, वर सांगितल्याप्रमाणे हात टेकून उठत असेल, पोटऱ्या वयाच्या मानाने फुगीर असतील, तर डॉक्टरांकडे न्यावे व रक्तातील सी.पी.के. तपासावे. ही तपासणी साधी आहे. या रोगात तो आकडा नेहमीच्या कित्येक पटींनी वाढलेला असतो. यकृताच्या तपासणीतील काही आकडेही स्नायूंमुळे वाढतात, म्हणून काविळीचे उपचार करीत वेळ दवडू नये.

२. त्यानंतर जनुकाची तपासणी करावी. निदान पक्के करणारी तपासणी ही आहे.

३. स्टिरॉइड औषधे डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यावीत आणि ती एकदम कधीही बंद करू नयेत. त्याने जिवाला धोका होतो.

४. सांधे आखडू नयेत म्हणून रोज ताण देण्याचे व्यायाम डॉक्टरांनी शिकवल्याप्रमाणे करावेत. "घाम गाळला की ताकद येईल" म्हणून मुलाला ओझे उचलायला, चढउतार करायला लावू नये. या स्नायूंना जास्तीचा श्रम बळ देत नाही, फाडतो.

५. एम.आर.आय. काढायचाच झाला तर मुलाला अर्धा ते एक तास निश्चल पडून राहावे लागते आणि यंत्र ठोकल्यासारखा मोठा आवाज करते, हे त्याला आधी समजावून सांगावे. गळ्यातले पदक, करदोट्याची कडी, नाणी सारे काढून ठेवावे. फार लहान मुलाला गुंगी देणार असतील तर रोगाचे नाव गुंगी देणाऱ्या डॉक्टरांना आधी सांगावे, कारण भूल देण्याची काही औषधे या मुलांना घातक ठरतात.

६. मस्क्युलर डिस्ट्रॉफी ही २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात नाव घेऊन नमूद केलेली आहे. दिव्यांग प्रमाणपत्र काढून घ्यावे. शाळा, प्रवास आणि सवलती यांसाठी ते लागते.

आईला दोष देऊ नका

शेवटी एक गोष्ट, जी कोणत्याही यंत्रात दिसत नाही. त्या घरात निदान झाल्यापासून सुनेशी कोणी धड बोलत नव्हते. "तिच्या माहेरचे आले," एवढेच पालुपद. हे खरे, की हा जनुक मुलग्याला आईकडूनच मिळतो. पण सुमारे एक तृतीयांश मुलांत हा दोष नव्यानेच उद्भवलेला असतो, आईच्या रक्तात तो नसतोच. आणि जिथे असतो, तिथेही तिने तो मागून घेतलेला नसतो. हा कोणाचा शाप नव्हे, कोणाच्या पापाची शिक्षा नव्हे. उलट तिची तपासणी करून घेणे घराच्या हिताचे आहे, कारण ती वाहक असेल तर प्रत्येक पुढच्या मुलग्याला निम्मा धोका असतो, मुलींनाही तो वारसा जाऊ शकतो आणि तिच्या स्वतःच्या हृदयालाही तपासणीची गरज असते.

दहा गुंठे विकले गेले नाहीत. त्या पैशांची कधी गरज लागलीच तर ती चाकांच्या खुर्चीसाठी आणि हृदयाच्या औषधांसाठी लागेल, हे वडिलांना पटले. मुलगा आज खुर्चीत बसून शाळेत जातो आणि गणितात वर्गात पुढे आहे. त्याच्या आईची तपासणी झाली. दोष तिच्यात नव्हता. आजीने तो कागद आम्हांला दोनदा वाचून दाखवायला लावला आणि मग सुनेला हाक मारून म्हणाली, "ये, बस माझ्याजवळ."